एका अक्षराचे सोळा हजार

कोपर दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मूठ आवळायला लावून मनगट खाली दाबलं. मी कळवळलो. “टेनिस खेळता का?” म्हटलं, नाही, गोल्फ. “मग गोल्फ खेळून टेनिस एल्बो झालाय तुम्हाला,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन गोळ्या लिहायला लागले. उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या डाव्या कोपराला, बाहेरच्या बाजूनं हे होतं म्हणे, आणि होणारे पुष्कळ असतात. सहा आठवडे खेळ बंद.

घरी आल्यावर बॅगेतली सात नंबरची काठी बाहेर काढली आणि तिच्या शाफ्टवरची, म्हणजे नळीवरची, चिकटपट्टी पहिल्यांदाच नीट वाचली. ‘एस 300’. सोळा हजार रुपये मोजून, हौसेनं निवडून घेतलेलं अक्षर.

मी भोसरीत एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. वय 51. गोल्फकडे वळलो 2021 मध्ये, आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हा. तोवर माझ्या लेखी गोल्फ म्हणजे येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सच्या भिंतीबाहेरून जाताना दिसणारी हिरवळ. वर्षभर मित्राच्या काठ्या उसन्या घेऊन सरावाच्या रेंजवर बॉल मारले, मग स्वतःचा सेट घ्यायचं ठरवलं. नवा परवडणारा नव्हता, म्हणून वापरलेला.

वापरलेल्या आयर्न्सचे, म्हणजे धातूच्या चपट्या हेडच्या नंबरवाल्या काठ्यांचे, फोटो बघताना माणूस हेडकडे बघतो. चकाकी, ग्रूव्ह, कंपनीचं नाव. शाफ्ट म्हणजे नुसती नळी. त्या नळीवरच्या अक्षराबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे सीनियर, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. एल सगळ्यांत मऊ, एक्स सगळ्यांत ताठ. आता या यादीत पन्नाशीचा, दंड बरे असलेला, टूलरूममधला पुरुष स्वतःला कुठे बसवेल? शनिवारच्या मंडळींनी उरलासुरला संशयही मिटवला. “घेतोयस तर स्टिफच घे. पुढे वेग वाढला की परत खर्च नको.” शाळेचा युनिफॉर्म घेताना आई वाढत्या अंगाचा घ्यायची, तसलाच हा हिशेब. माझं अंग आता फक्त पोटाकडे वाढतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

विकणाऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता: “सात नंबर किती जातो?” मी म्हणालो, दीडशे यार्ड. “मग स्टिफच.” व्यवहार दहा मिनिटांत आटोपला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दीडशे यार्ड हवेत मारणाऱ्याला त्यानं दिलेला सल्ला वावगा नव्हता. दीडशे यार्ड मी मारत नव्हतो, एवढंच.

त्या सेटनं दीड वर्ष माझ्याकडून मेहनत करून घेतली. बॉल खाली-खालीच जायचा आणि उजवीकडे सरकायचा. लागला की हातात असा झणका यायचा की जणू पाण्याच्या लोखंडी पाइपावर हातोडा बसलाय. चार नंबरनं तर बॉल कमरेच्या वर कधी गेला नाही. मला वाटायचं स्विंग चुकतोय, आणि स्विंग चुकतच होता. पण चुकीचा स्विंग दुरुस्त करायला गेलो की ती काठी त्याच्या उलट बोलायची. शेवटच्या क्षणी हेड वळावं म्हणून मी मनगटानं जोर लावायला लागलो आणि कोपर तिथे गेलं.

सहा आठवडे हातात काम नव्हतं, तेव्हा वाचत बसलो. पहिलाच धक्का असा की या अक्षरांना कुठलंही प्रमाण नाही. आमच्या धंद्यात एम 10 चा बोल्ट लुधियानात घ्या नाहीतर भोसरीत, नट बसतो. इथे एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो, आणि यात कुणी कुणाला फसवत नाही, कारण आर म्हणजे नेमकं किती हे कुणी ठरवलेलंच नाही. काही शाफ्टवर तर अक्षरंही नसतात. प्रोजेक्ट एक्स नावाच्या शाफ्टवर 5.0, 5.5, 6.0, 6.5 असे आकडे असतात, आणि 6.0 म्हणजे ढोबळमानानं स्टिफ धरतात.

दुसरी गोष्ट त्या ‘300’ ची. मला वाटायचं हा ताठपणाचा आकडा असणार. पण माझी शाफ्ट डायनॅमिक गोल्ड या नावाची, आणि तिच्यात ताठपणा अक्षरात असतो. आकडा वजनाची प्रतवारी सांगतो. एस 200, एस 300, एस 400, दर पायरीला दोनेक ग्रॅमचा फरक. न कापलेली एस 300 नळी सुमारे 130 ग्रॅमची. आणि त्याच घराण्यातली आर 300? सुमारे 127. म्हणजे एसच्या जागी आर घेतली असती तर माझ्या हातातून तीन ग्रॅम कमी झाले असते. त्याच वेळी निप्पॉनची एन.एस. प्रो 950 जीएच ही हलकी स्टीलची नळी शंभर ग्रॅमच्या आत बसते, आणि ग्रॅफाइट तर साधारण पन्नासपासून ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत. मी अक्षरासाठी सोळा हजार मोजले होते आणि कोपर मोडत होतं वजन. निदान अर्धं तरी.

कोपर बरं झाल्यावर पहिलं काम केलं ते स्वतःला मोजून घेण्याचं. सिम्युलेटर असलेल्या एका ठिकाणी अर्ध्या तासाचे पैसे भरले आणि मशीनसमोर सात नंबरनं वीस बॉल मारले. तिथला पोरगा पंचविशीचा, फार अदबीचा. “काका, सगळ्यांत चांगला धरायचा नाही हां. वरचे तीन आणि खालचे तीन सोडून देऊ, मधल्यांची सरासरी काढू.” सरासरी आली. हेडचा वेग ताशी 71 मैल. बॉल हवेतून जातो ते अंतर, म्हणजे कॅरी, 124 यार्ड.

“मशीन बरोबर आहे ना?” हा प्रश्न त्याला रोज येत असणार. तो नुसता हसला.

मग माझे दीडशे कुठून आले होते? रिक्षात बसल्या बसल्या हिशेब लावला. एक, मी अंतर मोजायचो बॉल थांबला तिथपर्यंत, म्हणजे घरंगळलेलं धरून. दोन, ज्या मित्राच्या काठ्या वर्षभर वापरल्या त्याचा सेट नव्या घडणीचा. त्यातल्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे हेडच्या तोंडाचा कल, साडेअठ्ठावीस अंशांचा, आणि माझ्या जुन्या सेटमधल्याचा चौतीसचा. कल कमी, तर अंतर जास्त. पूर्वीचा सहा, प्रसंगी पाच नंबर आता हेडच्या तळावर ‘7’ कोरून विकतात, त्यामुळे ‘सात नंबर किती जातो’ या प्रश्नाला तसा काही अर्थच उरत नाही. तीन, उतारावरचं एक होल. आणि चार, वर्षातून एकदा लागलेला तो एक फटका, जो माणसाला आयुष्यभर पुरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यानं दोनेक टक्के अंतर वाढतं. तेही मी स्वतःच्याच खात्यावर जमा केलं होतं.

त्याच मशीनच्या पडद्यावर पोरानं मला तुलनेचा तक्ता दाखवला. त्यानुसार अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक पुरुष सात नंबर ताशी 90 मैलांच्या आसपास फिरवतात, कॅरी 172 यार्ड. एलपीजीएवरच्या महिला 76 मैल, 141 यार्ड. म्हणजे ज्या व्यावसायिक खेळाडू या खेळावर पोट भरतात त्यांच्यापेक्षाही मी हळू, आणि पट्टीवर मात्र स्टिफ. तिथे जी शरम वाटली तिचा उपयोग झाला. एरवी मी कधीच आरकडे खाली उतरलो नसतो. ‘खाली’ हा शब्दही बघा कसा आपोआप आला.

सात नंबरचा वेग सत्तर ते ऐंशी मैल असेल तर आर, त्याच्या पुढे एस आणि सत्तरच्या अलीकडे ए, असा एक ढोबळ आडाखा आहे. माझा 71 म्हणजे आरच्या उंबऱ्यावर, आतलं पाऊल. आडाखा वेगाचा आहे, पण हात कसा चालतो तेही बघावं लागतं. काही लोक वरून एकदम झटका देऊन खाली येतात. त्यांना वेगाच्या मानानं थोडी ताठ नळी सोसते. मी सावकाश उतरणारा. आमच्यात एक निवृत्त कर्नलसाहेब आहेत, सत्तरीचे. त्यांच्या ग्रॅफाइटच्या शाफ्टवर ‘ए’ छापलंय आणि ते महिन्यातून तीनदा तरी आमचे नाश्त्याचे पैसे जिंकतात. त्यांना विचारलं, साहेब, सीनियर शाफ्ट कधी घेतली? “जेव्हा सीनियर झालो तेव्हा,” म्हणाले. “तू कशाची वाट बघतोयस?”

आता आला माझा प्रांत. शाफ्ट म्हणजे एका टोकाला पकडलेली तुळई. टोकाला वजन लटकवलं की ती वाकते. किती वाकते ते मोजता येतं. अक्षरावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून बघू. जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलो होतो, मंगळवार पेठेत, तिथे नळाच्या तोट्या आणि मिक्सरच्या भांड्यांमध्ये एक एकटा सात नंबर सापडला, तीनशे म्हणाला, दोनशेला दिला. त्यावर आर होतं. तो माझा प्रयोगाचा उंदीर. माझा एसचा सात नंबर होताच. तिसरा, हलक्या स्टीलच्या आरचा, मित्राच्या भावाकडून दोन दिवसांसाठी आणला.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर टूलरूममध्ये व्हाइस रिकामा केला. नुसत्या व्हाइसमध्ये ग्रिप धरली तर रबर दबतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून लाकडाचे दोन ठोकळे खाचा पाडून घेतले, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ग्रिपचे वरचे सहा इंच पकडीत. तिन्ही काठ्यांची पकडीबाहेरची लांबी एकसारखी ठेवली. हे महत्त्वाचं, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. अर्ध्या इंचाची चूक झाली तरी पाचेक टक्क्यांची गडबड होते. म्हणून तर कुणी आपल्या उंचीसाठी कापलेला सेट हातात आला तर तो पट्टीवर लिहिलंय त्याहून ताठ निघतो. हेडच्या मानेजवळ दोन किलोचं वजन तारेनं लटकवलं आणि हाइट गेजनं आधीची-नंतरची उंची घेतली.

माझा एस 57 मिलिमीटर वाकला. जुन्या बाजारातला जड आर, 60. हलका आर, 69.

तीन वेळा मोजलं. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, पण क्रम तोच. एकाच अक्षराच्या दोन काठ्यांत नऊ मिलिमीटरचा फरक आणि आर-एस या वेगळ्या अक्षरांच्या दोघींत फक्त तीनचा. आमचा एक हेल्पर चहा घेऊन उभा होता, म्हणाला, “साहेब, जॉब कुठला आहे हा?” त्याला काय सांगणार!

या मोजमापाला मर्यादा आहे. शाफ्ट हँडलकडे वाकते की टोकाकडे, हे एका आकड्यात दिसत नाही, आणि बॉल किती उंच जाईल यात टोकाचा वाटा असतो. शिवाय हातात काठी एक किलो-दोन किलोनं सावकाश वाकत नाही. पण विकत घ्यायच्या सेटची माझ्या नावडत्या सेटशी तुलना करायला एवढं पुरेसं होतं.

आता दुसरा वापरलेला सेट शोधायला लोकांच्या घरी जायचं होतं, आणि व्हाइस काही कुणाच्या दिवाणखान्यात नेता येत नाही. तिथे कामी आला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, बायकोचा, केकचा मैदा मोजायचा. तर्क सोपा. सात नंबरचं हेड बहुतेक 270 ग्रॅमच्या आसपास, ग्रिप साधारण 50. आख्खी काठी तोला, हे दोन वजा करा, उरेल ती कापलेली शाफ्ट. माझा एस 438 भरला. हलक्या आरचा 409. ग्रॅफाइटचा असता तर 380 च्या आसपास उतरला असता. पट्टी निघून गेलेली असो, पुसलेली असो, नाहीतर कुणी दुसरीच चिकटवलेली असो, काटा साधारण कुठलं घराणं ते सांगतो. खिशात एक लोहचुंबकही ठेवायला लागलो, कारण चंदेरी रंगाची ग्रॅफाइट शाफ्ट असते आणि फोटोत ती स्टीलच वाटते.

पहिले दोन सेट असेच बाद झाले. एकाच्या शाफ्टवर ग्रिपच्या खालच्या कडेशी नख फिरवलं तर खरखर लागली. पावसाळाभर बाल्कनीत उभा असणार, गंज आत कुठवर गेलाय देव जाणे. दुसऱ्याचा सात नंबर हलवला की आतून खुळखुळ्यासारखा आवाज. तो बहुधा सुटलेल्या इपॉक्सीचा, म्हणजे हेड चिकटवायच्या गोंदाचा, तुकडा असतो, फार वाईट गोष्ट नाही, पण मालक “आवाज कुठाय?” म्हणाला तेव्हा मी निघालो.

तिसरा सेट प्रभात रोडच्या एका गल्लीत. मालक पंच्याहत्तरीचे, दोन्ही गुडघे बदललेले, आता खेळ बंद. पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (नऊच्या पुढची आखूड काठी) सहा काठ्या, हलकी स्टील, आर. बावीस हजार सांगितले. मी पिशवीतून काटा काढला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. “हे काय? भाजी तोलणार?”

“काका, रागावू नका. सवय आहे.”

“अरे, तोल की. मीही आयुष्यभर क्वालिटीतच काढली.” आणि हाक मारून चहा सांगितला.

पाच नंबर 396. सहा 402. सात 408. आठ 415. हेड दर नंबरला सहा-सात ग्रॅमनं जड होत जातं, म्हणून आख्खी काठीही तशीच पायरी-पायरीनं चढली पाहिजे. चढत होती. नऊ नंबर ठेवला. 443. काढून पुन्हा ठेवला. 443. पिचिंग वेज, 427. म्हणजे वेज बरोबर जागेवर आणि मधला नऊ बावीस ग्रॅमनं वर.

मग सतरंजीवर सहाही काठ्या शेजारी-शेजारी मांडल्या, हेडच्या माना एका ओळीत. स्टीलच्या या शाफ्टवर बारीक कडा असतात, नळी जिथे एका मापातून दुसऱ्या मापात उतरते तिथे. मूळ सेट असेल तर खालून पहिल्या कडेची जागा एका काठीपासून दुसरीपर्यंत ठरावीक अंतरानं सरकते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी ओळ दिसते. इथे पाच, सहा, सात, आठ, ओळ छान. नऊला ती तुटली, वेजला पुन्हा जुळली. मानेवरची काळी प्लॅस्टिकची रिंग, फेरूल, तिचीही गंमत. बाकीच्यांची धातूशी इतकी गुळगुळीत की नख अडत नाही, नऊची किंचित फुगलेली, एका बाजूला इपॉक्सीचा पिवळसर ओघळ.

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “तो ना... झाडाच्या मुळावर बसला. म्हणजे बसला नाही, मी आपटला. आधीचा बॉल पाण्यात गेला होता. नळी वाकली. दुकानात हाताशी होती ती घालून घेतली. तिला सांगू नकोस, तिला वाटतं मी मैदानावर शांत असतो.”

मला तो माणूस भयंकर आवडला. तरी दर पाडायचा तो पाडलाच.

पण त्याआधी मारून बघणं. काकांनी विश्वासानं सात आणि आठ नंबर एका दिवसासाठी दिले, मी त्यांच्याकडे पाच हजार ठेवले. रेंजवर कोपराला पट्टा बांधून माझा एस आणि त्यांचा आर आलटून-पालटून मारले, पाच-पाच बॉल, एकूण चाळीस. सलग वीस एकानं मारले तर दुसऱ्याच्या वेळेपर्यंत दम जातो आणि त्याच्यावर अन्याय होतो. हेडच्या तोंडावर टाल्कम पावडर शिंपडली, म्हणजे बॉल कुठे लागला त्याचा गोल ठसा उमटतो. रेंजचे बॉल झिजलेले, कमी जातात, म्हणून अंतराकडे फारसं बघितलंच नाही. ठसे मोजले. एसच्या वीस ठशांपैकी सात मधे, बाकीचे बहुतेक हीलकडे, म्हणजे नळीच्या बाजूला, सरकलेले. आरचे तेरा मधे. आणि बॉल उंच जाताना दिसत होता. दोन वर्षांत माझा सात नंबर असा वर चढताना मी बघितला नव्हता. आमची बॅग वाहणारा कॅडीदादा बाजूला उभा होता. एरवी माझ्या फटक्यांवर तो शिष्टाचार म्हणून काही बोलत नाही. या वेळी म्हणाला, “साहेब, ही काठी तुमचं ऐकते.”

उजवीकडे जाणं कमी झालं. बंद झालं नाही. तो दोष माझाच, तो कुठल्याही शाफ्टनं जाणार नाही. दोन-तीन बॉल चक्क डावीकडे गेले, हे माझ्यासाठी नवंच. हेड हलक्या नळीवर जास्त जाणवतं आणि मी घाईनं मनगट फिरवत होतो, जुन्या सवयीनं. आठवडाभरात ते बसलं. ए अक्षराची शाफ्टही मारून बघावी का, असा विचार आला होता, कर्नलसाहेबांची सात नंबर मागून दहा बॉल मारले. बॉल सुरेख उंच, पण कधी डावीकडे, कधी सरळ, हेड नेमकं कुठे आहे ते मला कळेना. दोन-चार वर्षांनी पुन्हा बघू. तेव्हा वेग 71 राहिलेला नसणार, हे मी आताच लिहून ठेवतो.

सेट साडेसतराला ठरला. नऊ नंबरचे दीड हजार मी कापले आणि काकांनी बाकीचे तीन “काट्याची करमणूक झाली म्हणून” सोडले.

मशीनवर परत गेलो. त्याच पोरानं त्याच पद्धतीनं सरासरी काढली. वेग 72, कॅरी 131. सात यार्डांचा सगळा मान शाफ्टला द्यायचा मोह होतो, पण या सेटचा सात नंबर बत्तीस अंशांचा आहे, जुन्यापेक्षा दोन अंश कमी लॉफ्ट. त्यातले तीन-चार यार्ड तिकडेच गेले. वेग एक मैलानं वाढला, तो काही फरक नाही. फरक ठशांत आहे. आणि कोपरात, पण त्याला सहा आठवड्यांची विश्रांतीही कारण असेल.

जुना एसचा सेट विकायला काढला तेव्हा जाहिरातीत शाफ्टचं नाव, अक्षर, सात नंबरचं वजन आणि लॉफ्ट, सगळं लिहिलं. फोन बरेच आले, बहुतेकांचा प्रश्न “शेवटचे किती?” एक मुलगा आला, वय तेवीस, कॉलेजात हॉकी खेळलेला. मित्रांनी त्याला सांगितलं होतं, शिकतोयस ना, मग आर घे. म्हटलं, आधी मार. रेंजवर नेलं. त्याचा सात नंबर सुटला तसा तो आवाज ऐकूनच मी दोन पावलं मागे सरकलो. बॉल उंच, सरळ, जाळीच्या वरच्या तिसऱ्या भागात. माझ्या हातात खाली-खाली रांगणारी हीच काठी. मी त्याला सिम्युलेटरवरच्या पोराचा पत्ता दिला, तिथे मोजून ये म्हटलं. दोन दिवसांनी फोन: “काका, 86 आला. घेतो.” साडेतेराला दिला. अडीच हजारांचा फटका आणि डॉक्टरांचं बिल, एवढ्यावर भागलं.

नऊ नंबर मात्र अजून तसाच आहे. त्याच मापाची हलकी नळी मिळाली की बदलायचीय, पण एक नळी कुणी मागवून देत नाही आणि सहा घ्यायची माझी तयारी नाही. आठ आणि वेजच्या मधे तो आला की हात एकदम जड होतो, बॉल इतरांपेक्षा खालून निघतो आणि ग्रीनच्या दहा यार्ड अलीकडे पडतो. कॅडीदादानं त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलंय. एकशेपाच यार्ड राहिले की तो बॅगेकडे बघून विचारतो, “साहेब, पाहुण्याला उठवू, की आठ नंबर हळू मारता?”

बहुतेक वेळा मी आठ नंबर हळू मारतो.